एकोणऐंशीत अकरा

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. सध्या मुक्काम शाळेच्या जिन्याखाली. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेले नकाशे. तुम्हाला बसा म्हटलं असतं, पण माझा मागचा एक पाय लुळा झालाय. तुम्ही पडायचे आणि नाव माझं व्हायचं. तेव्हा उभ्यानेच ऐका.

मला घडवणारा सुतार भारी चोखंदळ होता. पॉलिश पेपरने घासून झालं की तो डोळे मिटून माझ्यावरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, "पोरांच्या पोटऱ्या कोवळ्या. त्यांना खरचटलं तर शिव्या मला." असं लाडाकोडात वाढून मी तिसरीच्या वर्गात आले आणि तिथे माझे सगळे लाड संपले. कोणी माझ्यावर शाई सांडली, कोणी कर्कटकाने आपलं नाव कोरलं, एकाने तर चघळून झालेला चिकट गोळा माझ्या पोटाखाली लावला, तो अजून तिथेच आहे. पण खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. मुलं माझ्यावर बसून इतकी चुळबुळ करायची, की गणित सुटलं की नाही हे मला बाईंच्या आधी कळायचं. सुटलं की पाय हलायचे थांबतात.

पुढे नवी रंगीत खुर्च्या-टेबलं आली आणि मला बाईंच्या टेबलासमोर ठेवण्यात आलं. मी पालकांची खुर्ची झाले. बढतीच म्हणायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, इथे तर येणारे इतके उतावळे आणि मी इतकी बुटकी, की त्यांचे गुडघे थेट हनुवटीलाच लागायचे. बाहेर कितीही मोठा साहेब असो, माझ्यावर बसला की तिसरीतला दिसायचा.

मग शाळेत 'जलद गणित' आलं. तिसरीतल्या निवडक मुलांनी गणिताच्या तासाला वरच्या मजल्यावर जायचं, बाकीच्यांनी खाली बाईंकडेच बसायचं. वरच्या सरांच्या गळ्यात स्टॉपवॉचचं घड्याळ असायचं, म्हणून मुलं त्यांना घड्याळी सर म्हणत. माणूस वाईट नव्हता हो. मुलांवर कधी आवाजसुद्धा चढवायचा नाही. पण आठवडाभरात मधल्या सुट्टीत दोन नवे शब्द ऐकू येऊ लागले, 'वरचे' आणि 'खालचे'. हे शब्द कोणी शिकवले नव्हते. मुलांना असलं काही शिकवावं लागत नाही.

त्या दिवसांत माझ्यावर किती जणांनी काळजी ओतली ते काय सांगू. ज्यांची मुलं खाली राहिली ते तर यायचेच, पण ज्यांची वर गेली तेही यायचे. एक आई म्हणाली, "बाई, तो झोपेत पाढे बडबडतो. मधेच अडकतो आणि रडत उठतो. त्याला खाली आणू का? पण खाली आणलं तर लोक काय म्हणतील?" तिच्या मागोमाग एक वडील आले. ते म्हणाले, "शेजारचा जातो वर, आणि आमचा का नाही? दोघं एकाच शिकवणीला आहेत." बाई दोघांनाही पाणी द्यायच्या. वर जागा मिळालेलं मूल असो की न मिळालेलं, दोन्हीकडे आईबापांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी आपली खाली दबून ऐकायची.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई कपडे दुरुस्त करून द्यायची. चेन बदल, बाह्या आखूड कर, असं काम. मुलगी चणीने एवढीशी, सदा आईच्या बटणांच्या डब्यात हात घालून बसलेली, म्हणून घरी तिला बटणच म्हणत. हळूहळू शाळेतही ती बटणच झाली. तिचे बाबा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभे राहायचे. वर जायच्या परीक्षेत बटणचं एक उत्तर चुकलं आणि तेवढ्यावरून तिची जागा हुकली.

शाळा सुटल्यावर तिघं आली. बाबा माझ्यावर बसले, आई शेजारच्या रंगीत खुर्चीवर, आणि बटण बाबांच्या खांद्याला टेकून उभी राहिली. बाबांचे पाय एक क्षणही स्थिर नव्हते. मला वाटलं, ह्यांचं गणित काही सुटलेलं नाही.

"बाई, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "पण एका उत्तरासाठी पोरगी खालची ठरली. तुम्हाला सांगतो, मी खालचाच होतो. आमच्या वर्गात मागची रांग होती, ढ मुलांची. दुसरीत बसलो तिथे, आणि शाळा सोडेपर्यंत उठलो नाही. एकदा खाली बसवलं ना, की माणूस स्वतःच खाली बसायला शिकतो. हिचं तसं व्हायला नको."

"आणि वर जाऊन पोट दुखायला लागलं तर?" आई म्हणाली. "तिला हिशोब आवडतो. तो आवडायचा राहू दे, एवढंच माझं म्हणणं. रडत रडत वर बसण्यात काय शोभा?"

"तू मधे बोलू नकोस."

"मग मला आणलंत कशाला? रिक्षात सोबत म्हणून?"

बाईंनी हसू दाबलं. म्हणाल्या, "सर म्हणालेत, एक जागा आहे. मी नाव सुचवलं तर उद्यापासून जाईल. पण आधी मला तिचं उत्तर बघू दे." मग बटणकडे वळल्या. "सरांनी काय विचारलं होतं गं?"

"एकोणऐंशीत अकरा मिळवा."

"मग तू काय लिहिलंस?"

"शंभर."

बाबांनी डोळे मिटले. मी लाकडाची असून मला ते जाणवलं, त्यांचा सगळा भार एकदम माझ्यावर आला. बरोबर उत्तर नव्वद, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. पण बाई म्हणाल्या, "शंभर. बरं. कसं आलं?"

बटणने टेबलावरच्या कागदावर आठ लिहिला, त्याच्या पुढे नऊ लिहिला. "हे एकोणऐंशी. ह्यात अकरा मिळवले की शंभर."

"एकोणऐंशी असं का लिहिलंस?"

"कारण एकोण म्हणजे नऊ." तिला बाईंची कीव आल्यासारखं झालं. "एकोणीसमध्ये शेवटी नऊ असतो. एकोणतीसमध्ये नऊ. एकोणचाळीसमध्ये पण नऊ. म्हणजे ऐंशी आणि नऊ."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, ह्यात चूक कुठे काढायची? पोरीने नीट बघूनच नियम बांधला होता. बाई चूक म्हणाल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "एकोणतीस लिहून दाखव." तिने दोन आणि नऊ लिहिले. "एकोणचाळीस?" तीन आणि नऊ. "एकोणपन्नास?" चार आणि नऊ लिहिता लिहिता तिची पेन्सिल थांबली.

ती बराच वेळ बघत राहिली. बाहेर व्हरांड्यात पुढचे पालक खोकत होते. बाबा काहीतरी बोलायला गेले तसा आईने त्यांचा हात दाबला.

"मी तीस म्हणते," बटण सावकाश म्हणाली, "पण तीन लिहीतच नाही. दोन लिहिते." तिने पेन्सिल दोनवर टेकवली. "तीस अजून आलेलंच नाही. तीसला एक कमी आहे. चाळीसला एक कमी. बाई, एकोण म्हणजे नऊ नाही! एकोण म्हणजे एक उणा!"

मग काय विचारता. साठ, सत्तर, ऐंशी, सगळ्यांच्या आधी एकेक उणा करत ती सुटली. आपल्या आठ-नऊवर तिने स्वतःच्या हाताने फुली मारली आणि सात-नऊ लिहिले. नव्वद झाले, शंभरापाशी आली आणि पुन्हा अडली. "बाई, मग नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "खरंच नाही. शोधूया का आपण?"

बाबांच्या अंगात उत्साह संचारला. "बघा, येतंय तिला. नुसता शब्दाचा घोळ होता. आता द्या नाव वर."

"देते की," बाई म्हणाल्या. "ती वर टिकेल, मला शंका नाही."

"वर असं विचारतात का, कसं आलं म्हणून?" आईने विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ताई, वर गणितं पुष्कळ होतात आणि भराभर होतात. काही मुलांना तो वेग मानवतो, ती तिथे फुलतात. त्यांना मी मुद्दाम खाली धरून ठेवणार नाही. पण एका 'एकोण'वर आत्ता जेवढा वेळ गेला, तेवढा सरांकडे नसतो. त्यात सरांचा दोष नाही."

बाबांचे पाय थांबले होते. ते कागदाकडे बघत होते, त्या फुली मारलेल्या आठ-नऊकडे.

"बाई," ते म्हणाले, आणि आवाज इतका खाली गेला की मी जवळ होते म्हणून ऐकू आला, "मलाही ते आठ-नऊच वाटायचं. आत्ता, हिने फुली मारेपर्यंत. दुकानात गिऱ्हाइकं फोनवर नंबर सांगतात ना, मी म्हणतो, सुटे आकडे सांगा. सात नऊ, असे. मला दुकानात सगळे 'सुटे' म्हणून हाक मारतात. त्यांना वाटतं, मी काटेकोर आहे." ते जरा हसले, पण हसू काही टिकलं नाही. "माझ्या पाटीवरही शंभरच होतं बाई. किंवा असलंच काहीतरी. नुसती फुली मिळाली. कसं आलं म्हणून कोणी विचारलंच नाही."

बटणने त्यांच्या गळ्यात हात टाकला. आईने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिला खालीच राहू दे. म्हणजे, तुमच्याकडे."

मित्रांनो, इथे टाळ्या वाजवू नका. पुढचे दिवस काही सोपे नव्हते. तिच्या जिवलग मैत्रिणीने तिला 'खालची' म्हटलं आणि बटण मधल्या सुट्टीत रडली. महिनाभराने बाबा पुन्हा दारात उभे. "बाई, चुकलं तर नाही ना माझं?" बाईंनी सांगितलं, "मलाही माहीत नाही. पण ती रोज काहीतरी विचारते." वर गेलेली कितीतरी मुलं आनंदात शिकली. झोपेत पाढे म्हणणारा खाली आला आणि शांत झोपू लागला. कोणाची जागा कुठे, हे सांगणारी मी कोण? चार पायांची, त्यातला एक लुळा.

आता बाई निवृत्त झाल्या, पालकांसाठी गादीच्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली आले. वर जाणारी पावलं माझ्या डोक्यावरून जातात, खाली राहणारी समोरून. मला दोन्हींचा आवाज सारखाच येतो. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. केलंत तर नको म्हणणार नाही. पण मुलाच्या उत्तरावर फुली मारण्याआधी एक क्षण थांबत चला. तुमच्या धाकट्या भावंडाची, उद्या तुमच्या मुलांची चूक हातात आली, की तिला एकदा 'कसं आलं?' असं विचारून बघा. कधी कधी त्या चुकीच्या पोटात अख्खा नियम असतो.

आणि हो, त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलंच. तिघं वर्गाबाहेर पडली. दार उघडंच होतं. व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला, "बटण, मला एक विचार बरं. अवघड विचार."

"एकोणसत्तरमध्ये दोन मिळव."

बराच वेळ नुसते चपलांचे आवाज. मग बाबा म्हणाले, "एकाहत्तर."

मला वाटलं, पोरगी आता शाबास म्हणेल. ती तसं म्हणाली नाही. तिने विचारलं, "कसं आलं, बाबा?"

चपला थांबल्या. आणि मित्रांनो, तिथे व्हरांड्यात उभं राहून, त्या माणसाने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.