टेपचा कान

गाडी विकायचं ठरलं आणि तिचा ब्लोअर बंद पडला. एसीचं बटण दाबलं की दिवा लागायचा, कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, पण आत हवेचा पत्ता नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, दातांचे डॉक्टर. बाबा इतक्या भोळ्या चेहऱ्यानं बघत होते की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

डोळे अधू झाल्यापासून त्यांना गाडी चालवायला मनाई होती, तरी विकायचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. खूप हुज्जत घालून मी होकार काढला, आणि तोही त्यांनी दात उपटून द्यावा तसा दिला होता.

मी डेपोत बसगाड्यांचं वायरिंग करते. हे काम मला बाबांनीच शिकवलं, तेही ओरडून ओरडून. त्यामुळे शेजारी उभं राहून कुणी सूचना दिल्या की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मात्र ते पायरीवर गप्प बसून चहाच्या रिकाम्या कपाशी चाळा करत होते.

मी फ्यूज काढून बघितला, चांगला होता. रिले बदलून बघितला, काही फरक नाही. मग डॅशबोर्डखाली आडवी झाले आणि मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला, तर पंखा भुर्रकन फिरला. म्हणजे मोटर ठणठणीत. टेस्ट लॅम्प लावला, करंटही प्लगपर्यंत येत होता. उरली अर्थची वायर, जिच्यातून करंट गाडीच्या पत्र्यात परत जातो. ती चाचपत गेले.

ती कापलेली होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली आणि टेपचा शेवट दुमडून उभा ठेवलेला.

त्याला आम्ही कान म्हणतो. पुढच्या माणसाला नखं न मोडता टेप सोडवता यावी म्हणून बाबा प्रत्येक जोडाला कान ठेवायचे. आम्हा दोघांखेरीज कान ठेवणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

मला आधी हसू आलं, मग संताप. लबाडी करायची, आणि तीही नीटनेटकी. मी बाहेर आले.

“बाबा, लपवायचंच होतं तर कान कशाला ठेवलात?”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “उघडणार तूच होतीस. नखं तुझीच मोडली असती.”

धड दिसत नाही, मग गाडी ठेवून करणार काय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते खाली बघतच म्हणाले,

“तू दर वेळी फोनवर म्हणतेस, गाडी बघायला येते. ती गेल्यावर काय बघायला येशील?”

 खरंच तसंच म्हणायचे मी. आपली बोलायची पद्धत, दुसरं काय. तुम्हाला बघायला येते असं बापाला कोण म्हणतं? पण फार वाईट वाटलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पुन्हा डॅशबोर्डखाली शिरले. वायर जोडली, टेप गुंडाळली, कान ठेवला. ब्लोअर सुरू झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी थंड हवेसमोर तोंड धरलं, खूश झाले आणि गाडी घेऊन गेले. बाबा फाटकापर्यंतसुद्धा आले नाहीत.

पुढच्या सुट्टीला मी फोन केला. येतेय म्हटलं, आणि पुढचा शब्द सवयीनं तोंडाशी आला तो गिळला.

“तुम्हाला बघायला,” म्हटलं.

 मग ते म्हणाले, टेबलफॅन बंद पडलाय, येताना टेस्टर आण.

फॅन टेबलावर माझी वाटच बघत होता. प्लगजवळ वायरीवर नवी कोरी टेप होती आणि तिचा कान चांगला ऐटीत उभा होता. मी तो बघून न बघितल्यासारखं केलं आणि सावकाश पुढची जाळी खोलायला घेतली. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पहिल्या स्क्रूपासूनच ओरडायला लागले: असा नाही, तसा फिरव, पाती पुसून घे, तेल दे. आधी प्लग बघायचा असतो, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.