चोवीस मिनिटांतला आठवडा

वृद्धाश्रमाने बाबांच्या कपड्यांबरोबर एक पेनड्राइव्हही दिला होता. "सगळे मूळ फोटो आहेत, आठवण म्हणून," व्यवस्थापिकाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या होत्या.

मुलगी वर्तमानपत्राच्या छायाचित्र विभागात होती. चेहरा बघण्याआधी फोटोच्या फाइलमधली नोंद बघायची, ही वीस वर्षांची खोड. फ्लॅश चालू, शटर सेकंदाचा साठावा भाग. मंगळवार, सकाळी दहा अकरा. पुढच्या फोटोत निळा सदरा. फ्लॅश, शटर तेच. मंगळवार, दहा चौदा. चौकड्यांचा सदरा, दहा अठरा. सातवा, स्वेटरमधला, दहा पस्तीस.

हेच फोटो आठवडाभर रोज एक असे तिच्या फोनवर आले होते. 'बाबा मजेत. नाश्ता संपवला.' सातवा आला त्याच संध्याकाळी बाबा गेले.

पेनड्राइव्ह पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आश्रमाच्या कार्यालयात व्यवस्थापिकाबाईंसमोर जाऊन बसली.

"अर्ध्या तासात सात वेळा कपडे बदललेत त्यांचे. ताप कधी आला?"

"अहो ताई, फोटो खोटे नाहीत हो. बाबाच आहेत ना?"

"ताप कधी आला?"

"गुरुवारी. पण बावीस माणसं, कॅमेरा एक. आणि रोज फोटो हवा हा हट्ट तुम्हा मंडळींचाच! एक दिवस चुकला की फोनवर फोन. मग आम्ही मंगळवारी आठवड्याचे उरकून टाकतो. तुम्हीही अंगठा पाठवायचात की."

पाठवला होता. शनिवारी ती बाबांना भेटायला पिशवी भरून निघालेली, तेवढ्यात फोनवर बाबा हसले, आणि तिने पिशवी पुन्हा कोपऱ्यात ठेवली. त्या वेळी ते इथे तापाने फणफणले होते.

भिंतीवर नातेवाइकांच्या नंबरांची यादी होती. आज बुधवार, म्हणजे सगळ्यांचे फोटो कालच उरकले असणार. तिने यादी खसकन ओढली.

"द्या इकडे! पोलिसांना बोलावीन हं!"

"बोलवा. आले की त्यांचेही फोटो काढून ठेवा, आठवडाभर पुरतील."

पहिला नंबर खोली एकमधल्या आजींच्या मुलाचा होता.

"तुमच्या आईचा आजचा फोटो आला?"

"हो, आत्ताच. छान हसतेय. आपण कोण?"

"तो कालचा आहे. उद्याचा आणि परवाचाही कालच काढून झालाय. तुम्ही आजच्या आज येऊन आईला बघा."

पलीकडून काही उत्तर येण्याआधीच तिने दुसऱ्या नंबरावर बोट ठेवलं.