दहा मिलिमीटर मावशी

रिंग सतरावर होती. काळी, रबरी, अंगठीच्या मानानं मोठी आणि बांगडीच्या मानानं लहान, सायकलच्या मागच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर बसलेली, आणि चेहरा असा, की मी इथंच जन्मले, मला काही विचारू नका. मोजणारीनं पट्टी पुन्हा लावली. सतरा. पट्टी उलटी धरली असेल म्हणून फिरवली. आधी ती सुलटीच होती हे लक्षात आलं, म्हणून परत फिरवली. सतरा मिलिमीटर. मागच्या महिन्यात याच हवेवर, याच माणसाखाली चौदा होती...

माणूस भिंतीला टेकून उभा होता. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, पाठीवर पाण्याची भरलेली पिशवी. डोंगरावर अंगावर जे जे असतं ते सगळं घालूनच सायकलवर बसायचं, नाहीतर मापाला अर्थ नाही, हा तिच्या वर्कशॉपचा नियम होता. चंद्रावर जायची गाडी चुकल्यासारखा तो दिसत होता. तिचा थोरला भाऊ.

"इन्स्पेक्टर, झालं का?" दादानं विचारलं.

"थांब."

"पंक्चर काढायलाही एवढा वेळ लागत नाही."

"मग पंक्चर करून आण."

तसं बघितलं तर हे काम शेंबड्या पोरालाही समजावं. डोंगरात चालवायच्या सायकलला मागच्या चाकासाठी हवेचा शॉक असतो, खड्ड्याचे धक्के पोटात घालणारा. माणूस नुसता बसला तरी तो थोडा दबतो, आणि दबायलाच हवा; या शॉकचा दांडा सगळा मिळून पन्नास मिलिमीटर आत जातो, त्यातले चौदा-पंधरा बसल्या बसल्या गेले की ठीक. बसणाऱ्याच्या वजनानं रिंग ढकलली जाते आणि तो उतरला तरी ढकलली तिथंच राहते. म्हणजे स्वभावानं चुगलखोर. एवढीशी रबराची वळी, पण तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही, आणि ती स्वतः मात्र अर्धंच सांगते... कारण सतराचे अर्थ दोन निघत होते. एक तर दादाचं वजन वाढलं होतं. नाहीतर शॉकमधून हवा गळत होती.

पहिलं खरं असेल तर — तिनं ते वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नाही. दुसरं खरं असेल तर आज दुपारी खाणीमागच्या उतारावर, जिथं दगड पायऱ्यांसारखे उतरत जातात तिथं, शॉक तळाला आपटणार, मागचं चाक उसळणार आणि दादा सायकलच्या आधी खाली पोचणार. शिवाय दादा वर्षभर होता तसाच आहे, हेही त्यात आलंच.

वर्षापूर्वी त्यानं ताट बाजूला सारलं होतं. भांडण नाही, नोकरी गेली नाही, कुणी सोडून गेलं नाही. काहीच झालं नव्हतं, आणि हीच तर खरी पंचाईत होती, कारण झालेल्या गोष्टीवर माणूस औषध शोधतो, न झालेल्या गोष्टीला कुठं मलम लावणार? रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळे रिपोर्ट गुळगुळीत. मग मनाचे डॉक्टर. त्यांनी घरच्यांना बजावलं होतं की त्याच्या ताटाकडे बघायचं नाही, वजन विचारायचं नाही, बारीक झालास म्हणायचं नाही, बरा दिसतोस असंही म्हणायचं नाही. ते स्वतः त्याला काट्याकडे पाठ करून उभा करत आणि आकडा स्वतःपाशी ठेवत. बाबांनी घरातला वजनकाटा चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तो नेताना त्यांचा चेहरा प्रेत लपवायला निघाल्यासारखा झाला होता. आणि मग घरातले चौघे रोज जेवणाच्या टेबलाभोवती बसून छताविषयी बोलायचे. छताचा रंग, छताचा ओलावा. त्या छताइतकी चर्चा कुठल्या संसदेचीही झाली नसेल.

एक सायकल तेवढी त्यानं सोडली नाही. सपाट रस्त्यावर, हळू, डॉक्टरांनी तेवढी सूट दिली होती. महिन्यातून एकदा तो सायकल तिच्या वर्कशॉपमध्ये आणायचा आणि ती नेहमीसारखं सगळं तपासायची. आणि दर महिन्याला रिंग आधीपेक्षा कमी सरकायची, तेरा, अकरा, एकदा तर नऊ... मग ती काही न बोलता व्हॉल्व्हची टोपी काढून थोडी हवा सोडायची, म्हणजे हलक्या माणसाखालीही शॉक नीट दबावा. फुस्स. दादा म्हणायचा, "कडक वाटत होती खरी." ती म्हणायची, "हं." आणि त्या फुस्सबरोबर आपण भावालाच थोडा थोडा हवेत सोडतो आहोत असं तिला वाटायचं, पण असं कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर मनाच्या डॉक्टरांनी पुढची वेळ तिलाच दिली असती.

"सांगितलं ना, आज डोंगरावरून उतरायचंय," दादा म्हणाला. "डॉक्टर हो म्हणालेत."

तो वर्षभर "जेवून आलोय" असंही म्हणत आला होता.

तिनं पंपाकडे हात नेला आणि मागे घेतला. पंप लावला की त्याच्या नळीत थोडी हवा शिरणार, आत होती तितकी राहणार नाही; काटा जे दाखवेल त्यात पंपाचा किती दोष आणि शॉकचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पंप लावला की पुरावा गेला. हवेला हात न लावता शोधायचं, तर ज्याचं वजन बदललेलं नाही असं माणूस हवं. तिचं स्वतःचं वजन? वर्षभर तिनं दादाच्या ताटात उरलेलं संपवलं होतं. ती साक्षीदार म्हणून बाद.

मावशी...

मावशीचं शिलाईचं दुकान भिंतीपलीकडेच होतं. मागच्या महिन्यात या शॉकचे हवा अडवणारे आतले सील बदलून झाले, तेव्हा दादा यायच्या आधी हवा भरून एकदा माणूस बसवून बघायचा होता, आणि मावशी नेमकी हातात चहाचा कप घेऊन दारात उभी होती. बसवली. रिंग दहावर आली. "दहा म्हणजे पास की नापास?" मावशीनं विचारलं होतं, म्हणून तो आकडा डोक्यात राहिला. आणि मावशी वीस वर्षं एकाच कागदी नमुन्यावरून स्वतःचे कपडे बेतत होती. कागद फाटला, चिकटवला, पुन्हा फाटला, मावशी तेवढीच.

"मावशी, जरा येतेस?" तिनं पलीकडच्या दारातून डोकं घातलं. "सायकलवर बसायचंय."

"परत?"

"परत."

"हेल्मेट घालते आज. मागच्या वेळी घालू दिलं नाहीस."

"नको. वजन वाढेल."

"माझं?" मावशीनं मशीन थांबवलं.

"हेल्मेटचं. आणि खिशात काय आहे?"

"कात्री."

"मागच्या वेळी होती?"

"कात्री माझ्या खिशात नाही असं कधी झालंय?"

"मग राहू दे."

मावशीला येताना बघून दादा भिंतीवरून सरळ झाला. "ही का बसतेय माझ्या सायकलवर?"

"शॉकची परीक्षा," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, फक्त परीक्षेला आणखी कोण बसलं होतं ते तिनं सांगितलं नाही.

तिनं शॉक जखडायची कळ मोकळी आहे ना ते बघितलं, रिंग बोटानं ढकलून सीलला टेकवली, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि मावशीला वर घेतलं. मावशी सिंहासनावर बसावी तशी बसली. "हलू नकोस." "हलत नाही मी." "हसू पण नकोस, हसलीस की हलतेस." "मग तू असं तोंड करू नकोस." दादा शेजारी उभा राहून हे सगळं बघत होता, आणि त्याच्या नाकातून काहीतरी आवाज आला, हसण्याच्या जवळपासचा... तिनं वर बघितलं नाही. बघायचं नाही याची इतकी सवय झाली होती. "आता उतर. हळू. उडी नको."

"या वयात उडी," मावशी म्हणाली आणि उतरली.

ती खाली वाकली. पट्टी लावायच्या आधीच हाताला कळलं होतं, पण हाताचा काय भरवसा. पट्टी लावली.

दहा.

"पास की नापास?"

"मावशी, तू बारीक झालीस का?"

"दिसतेय का?" मावशी खुलली.

"नाही."

"मग विचारतेस कशाला, बाई."

म्हणजे हवा होती तिथं होती. शॉक गळत नव्हता. सतरा म्हणजे सतराच, आणि ते तीन मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाएवढे तीन मिलिमीटर, हा तिचा भाऊ होता, परत आलेला. ती फरशीवरच बसली आणि बसलीच आहे तर म्हणून मागच्या सांध्याचा एक बोल्ट तपासायला लागली, म्हणजे कुणाला शंका नको. आनंद झाला की माणूस उड्या मारतं म्हणतात; तिला झोप आली. एक वर्ष कुणीतरी तिच्या मानेवर भरलेला हंडा ठेवला होता, आणि आज उतरवला तर मान जागच्या जागी तशीच ताठ, कारण तिला हंड्याशिवाय कसं राहायचं ते आठवत नव्हतं.

मावशीला दारापर्यंत सोडायला ती उठली. दाराशी मावशीनं आवाज खाली आणला.

"गेल्या आठवड्यात पँट घेऊन आला होता. कंबर सोडायला."

"वर्षभर तर तू आतच घेत होतीस."

"हो ना. यावेळी सोडायला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, माझी टेप ताणली. कापडाची टेप जुनी झाली की ताणते. म्हणून नवी आणली."

"मग?"

"नव्या टेपनंही तेवढंच भरलं." मावशी म्हणाली. "पण नव्या टेपचा काय भरवसा."

सगळेच असे झाले होते तर... वाईट बातमीवर पहिल्या फटक्यात विश्वास, आणि चांगली आली की आधी टेप बदलायची, पट्टी उलटी करायची, मावशीला सायकलवर चढवायचं. मावशीनं तिचा गाल चिमटीत धरून ओढला, लहानपणी ओढायची तसा, आणि कात्री चाचपत निघून गेली.

आता पंप. नळी व्हॉल्व्हवर आवळली, काटा थोडा मागे येऊन स्थिरावला, आणि ती हवा भरायला लागली. पंपाचा दट्ट्या जड होता. वर्षभर हवा सोडायला नख पुरलं होतं. भरायला खांदे लागत होते, आणि हे खांदे आपलेच आहेत हे तिला नव्यानं कळत होतं. पंप काढला, आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी व्हावी म्हणून सीट दाबून शॉक चार-सहा वेळा खालीवर केला. दादा बसला, उतरला. सतराची पंधरा झाली. हवा वाढली की शॉक उसळीही जोरात मारतो, म्हणून परतीचा वेग ठरवणारा लाल खटका दोन घरं आवळला. मग टॉर्कचा पाना घेऊन सांध्यांचे बोल्ट एकेक, टक् आवाज आला की पुढचा. मग सीट धरून सायकल किंचित उचलली आणि सोडली, पुन्हा उचलली. सांध्यात कुठं खडखड नाही. दांड्यावर ओरखडा नाही. फक्त खालच्या सांध्याभोवती चिखल, वाळून दगड झालेला, बोटभर.

"तुला सायकल धुवायला काय होतं रे?" ती म्हणाली.

स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. वर्षभरात त्याच्याशी या आवाजात कुणी बोललं नव्हतं. घरात दारंसुद्धा हळू लावली जात होती. आई तर त्याच्यासमोर शिंकायची परवानगी मागायची. आणि ती मात्र आता थांबत नव्हती. "दर वेळी असला चिखल घेऊन येतोस. सांध्यात जातो तो, बेअरिंग खातो. मी खरवडायची, मी ग्रीस लावायचं, आणि तू हेल्मेट घालून भिंतीला टेकायचं. हात झडतात का धुताना?"

दादा बघत राहिला. संपलं. आता हा गप्प होणार, घरी जाणार, टेबलापाशी बसणार, आणि छत...

"तोंड फार सुटलंय तुझं," दादा म्हणाला.

"सुटलंय."

"आण बादली. आत्ता धुतो."

"आत्ता नको. सुकलेलाय, पाणी मारलंस तर आतच जाईल. बुरुशानं काढायचा."

"मग आत्ता बोललीस कशाला?"

"मग कधी बोलू?"

"बुरूश असेल तेव्हा बोल," तो म्हणाला, आणि सायकल ओढून बाहेर घेऊन गेला. जाताना चाक तिच्या हत्यारांच्या पेटीला लागलं, पेटी कलली, दोन पाने खाली पडले. त्यानं मागे वळून बघितलं नाही. रस्त्यावर त्याचे पेडल फिरल्याचा आवाज आला, मग गिअर पडल्याचा, मग रस्त्याचा.

ती पाने उचलत बसली. पुढच्या महिन्यात रिंग कुठं असेल, कोण जाणे. रिंगला पुढचं काही कळत नाही. ती फक्त येऊन गेलेल्या माणसाचं सांगते. पण ही काळजी नेहमीसारखी आत येऊन पसरली नाही, उंबऱ्यातच थबकली, कारण आत जागाच नव्हती, तिथं राग बसला होता. साधा, घरगुती, वर्षभर बाहेर उभा ठेवलेला राग. पेटी पाडली, उचलायची रीत नाही. चार वर्षांपूर्वी तिचा चांगला टॉर्च घेऊन गेला आणि हरवून आला, वर म्हणाला की त्याचा उजेडच कमी होता. आठवीत असताना तिची चप्पल घालून गेला होता. माणसानं किती सहन करायचं? तिनं फडक्यानं हात पुसले, ते आधीच स्वच्छ होते म्हणून पुन्हा पुसले, आणि संध्याकाळी तो आला की आधी टॉर्चचं काढायचं असं ठरवून टाकलं. त्यावर तो काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, हे सगळं जुळवत ती दारात उभी राहिली. रस्ता रिकामा होता, आणि भांडण छान जमत चाललं होतं.