खवले चिकटलेले जाळे

मित्रांनो, कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथल्या धक्क्यावर, एका खोपटाच्या आढ्याला टांगलेले मी एक जुने जाळे आहे. अंगावर ठिगळे पुष्कळ. मनावरचे ओझे त्याहून जड.

माझे काम बाजारासाठी नव्हते. दर जूनमध्ये एइनो नावाचा कोळी आपल्या बोटीने मला ठरल्या जागी, ठरला वेळ ओढी. नदीतून नुकतीच समुद्रात उतरलेली, वीतभरही नसलेली सॅमन माशांची पिल्ले माझ्यात येत. रोडा नावाची संशोधक ती मोजी, पाण्याची ऊब आणि खारेपणा पाही. त्यावरून पुढे नदीत किती मासे परततील याचा अंदाज बांधत. सापडलेली पिल्ले मात्र मरत. त्यांचे चंदेरी खवले माझ्या गाठींत अडकून राहत. "यांच्या जिवावर बाकीची जगवायची," असे रोडा म्हणे, तेव्हा मला जरा हलके वाटे.

मग नवे जाळे आले. अशा वेळी जुने-नवे शेजारी शेजारी ओढून ताडून पाहायचे असते. पण वारा सुटला होता. "पुढच्या वर्षी बघू," म्हणून रोडाने मला इथे टांगले.

नव्याने दुप्पट पिल्ले आणली. धक्का हरखला. त्या आकड्यावरून पुढे कोळ्यांना जास्त मासे धरायची मुभा मिळाली. मासे आले थोडेच, आणि तेही धरले गेले. अंडी घालायला नदीत वर फारसे कुणी पोचलेच नाही.

एइनो खोपटात येऊन रोडाला म्हणाला, "पळी मोठी घेतलीस नि म्हणतेस दूध वाढलं! आणि आम्ही येडे साय खायला बसलो."

"माझंच चुकलं रे."

"एकटीचं कसं? सुकाणू माझ्या हातात होतं. त्या दिवशी घरी सौनाची वाफ-न्हाणी तापलीय म्हणून मीच परतायची घाई केली."

मग त्याने मला खाली उतरवले. "चल गं म्हातारे, तुझ्याशिवाय या नव्या पोराचं खरं-खोटं कळायचं नाही."

आम्हा दोघांना शेजारी शेजारी ओढले. माझ्यात एक टोपली, त्याच्यात दोन. समुद्र होता तसाच होता.

आता नव्याचा आकडा निम्मा धरून जुन्या मोजणीशी जुळवतात. वर न पोचलेले मासे मात्र परत येणार नाहीत.

मित्रांनो, नवे जरूर आणा. पण जुन्याला टांगण्याआधी दोघांना एकदा एका पाण्यात उतरवा. परवा रोडा मला धुवायला आली होती. गाठींतले खवले तिने बराच वेळ पाहिले, आणि न धुताच गेली.