गायीला सांगितलेली गाऱ्हाणी

घुम्याची बायको मांडीचं हाड मोडून हॉस्पिटलात पडली आणि इकडे गाय दूध देईना. काल संध्याकाळी नाही, आज सकाळीही नाही. कास दगडासारखी ताठ झालेली. आणखी एक वेळ अशीच गेली तर कास सुजणार आणि गाय हातची जाणार, हे घुम्याला न सांगता कळत होतं. सांगून तरी त्याला कुठे काय कळायचं म्हणा!

वासरू केव्हाच दुधावरून तुटलेलं, त्यामुळे ते लावून पान्हा आणायचा आधारही नव्हता. घुम्याने कोमट पाण्याने कास धुतली, सडांना तेल चोळलं, पेंड पुढे ठेवली. शेवटी बायकोचा जुना स्वेटर अंगात चढवला. तो काखेत उसवला. गायीने स्वेटर हुंगला, घुम्याकडे एकदा पाहिलं आणि पेंड खाऊ लागली. पान्हा काही सोडला नाही.

दारात बसलेली त्याची आई म्हणाली, “नुसत्या स्वेटरने काय होतंय? ती धार काढताना बोलते.”

“काय बोलते?”

“तुझी गाऱ्हाणी. अकरा वर्षं झाली. दोन्ही वेळा.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगते की. गायीला.”

आईला सगळं तोंडपाठ होतं. ती एकेक सांगत गेली आणि घुम्या खाली मान घालून, आवाज बारीक करून, ते गायीला सांगत गेला.

“आज जेवण कसं झालंय विचारलं, तर म्हणतो, संपलं.”

गायीचा कान हलला.

“माझ्या बहिणीच्या लग्नात झोपला. पहिल्या रांगेत. मुलीच्या शाळेत एकदाच गेला, तोही दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसला.”

गायीने खाणं थांबवलं. बादलीत चार थेंब पडले.

“पुढे?” घुम्याने विचारलं.

“पुढचं तुझं तूच सांग,” म्हणत आई उठली आणि आत गेली.

घुम्याने पुन्हा सड धरले. लाज वाटत होती, आणि ती गायीची नव्हती.

“चार महिने सांगतेय, गोठ्याची पायरी हलते,” तो म्हणाला. “खाली एक दगड सरकवायचा. हो हो म्हणतो. शेवटी पडलेच मी, भरल्या बादलीसकट.”

गायीने पान्हा सोडला. कास रिकामी होईपर्यंत तो तेच बोलत राहिला.

धार संपते न संपते तोच बायकोचा फोन आला.

“दिलं का दूध?”

“दिलं.”

“मग बोलावं लागलं असणार.”

“सगळं बोललो.”



“पायरीचंही?”

“हो.”

“मग आता मला सांगा.”

गायीपुढे बायको होऊन बोलणं सोपं गेलं होतं. घुम्याने कपाळावरचा घाम स्वेटरच्या बाहीला पुसला.

“पायरी मी नीट करायला हवी होती. तू पडलीस ती माझ्यामुळे.”

“हं,” ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. “आधी बादली झाका. माशा बसतील.”