अडाणी हाताची दुरुस्ती

आमच्या घरी मोडक्या आगगाड्या विकल्या जातात. खेळण्यातल्याच, पण मुलांच्या नव्हेत. मोठी माणसं रुळांसकट जमवतात त्या. लोकांच्या माळ्यावरची खोकी सूनबाई उचलून आणते, एकेक वस्तू बाहेर काढून फोटो घेते आणि इंटरनेटवर विकायला ठेवते. चांगला माल विकणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे उरलंसुरलं: फक्त मागेच धावणारं इंजिन, एका अंगाला चार आणि दुसऱ्या अंगाला पाच खिडक्या असलेला डबा, मुंडकं नसलेला स्टेशनमास्तर. असल्या वस्तूंवर जीव टाकणारी माणसं असतात. दातांचा एक डॉक्टर तर बिनमुंडक्याचेच पुतळे घेतो. का, ते मी विचारलं नाही.

सून शिकलेली, त्यामुळे सुरुवातीला ती ‘किंचित वापरलेले’ असलं काहीबाही लिहायची. मी म्हटलं, "अगं, चाकच नाही, ह्यात किंचित काय आलं?" तेव्हापासून खोट मी सांगते, ती टाइप करते. शाळा माझी लवकर सुटली, पण खोट काढायला शाळा लागत नाही, सुनेला विचारा. आमचा माल परत येत नसे तो एवढ्याचमुळे.

दुरुस्ती ह्यांच्याकडे. हे छापखान्यात यंत्रांचे मिस्त्री होते. नोकरी संपल्यावर माझ्या मागेमागे फिरून भांडी कशी लावायची ते मला शिकवायचे. मागच्या खोलीत टेबल मांडलं तेव्हा कुठे माझी सुटका झाली. चहा झाला की इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून टेबलापाशी जाणार, जसे छापखान्यात जायचे तसे.

यंदा हात थरथरायला लागला. जवळचं नीट दिसेना. काम बिघडतंय हे मात्र ह्यांना कळलं नाही, कारण ज्या डोळ्यांनी काम तपासायचं तेच अधू. आधी सिग्नलचा खांब वाकडा बसला, मग एका इंजिनाचं धुराडं. दोन्ही परत आली. सून म्हणाली, "आई, बाबांना सांगायला हवं."

"सांग की," मी म्हटलं. तिने काही सांगितलं नाही. मीही नाही.

मग हिरवा डबा आला. छत सुटलेलं होतं, ते ह्यांनी चिकटवलं. डिंक खिडक्यांवरून ओघळून वाळला, दरवाजा कायमचा बंद झाला. सून तो कचऱ्यात टाकायला निघाली होती.

"विकायला ठेव."

"आणि खोट काय लिहू?"

"आहे ती. लिही, छत अडाणी हाताने चिकटवलंय. डिंकाचे ओघळ. दरवाजा उघडत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

हे सहसा सुनेच्या कॉम्प्युटरकडे फिरकत नाहीत. पण एका दुपारी कसलीशी चाकं शोधायची म्हणून सुनेशेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर हिरव्या डब्याचा फोटो आला, ताटाएवढा मोठा.

"थांब. कुठल्या गाढवाचं काम हे?"

सून चिकटपट्टी शोधायला लागली. ती तिच्या हातातच होती.

"छत आधी कोरडं बसवून बघतात. मग डिंक, तोही सुईच्या टोकाने. ह्याने तर नळी उपडी केलीय! असला माल घेता कशाला गं? आण इकडे, सोडवून देतो. ब्लेड कुठंय?"

ब्लेड हातात गेलं असतं तर डबाही गेला असता आणि बोटही. गप्प राहावं तर माल असाच परत येत राहणार आणि सुनेचं दुकान बसणार. सांगावं तर ते टेबल सुटणार, मग ह्यांनी दिवसभर करायचं काय? सुनेने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी ह्या घरात सगळ्यांना मीच दिसते.

"अहो, ते गाढव तुम्हीच."

"मी?"

"गेल्या महिन्यात. मागच्या खोलीत बसून."

"काहीतरीच बोलू नकोस."

मी डबा आणून हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी धरला, लांब धरला. मग अंगठ्याने छताची कड चाचपली. ओघळ अंगठ्याला लागला.

मग पडद्यावरची ओळ वाचली. "अडाणी हात, हे कुणी लिहिलं?"

"मी सांगितलं."

"वाटलंच." डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "आणखी किती?"

"दोन. परत आलीत."

"दाखवा."

सुनेने कपाटातून काढून दिली. छापखान्यात दुसऱ्या पाळीवाल्याचं काम तपासावं तसं त्यांनी एकेकावर बोट फिरवलं. खांब सुटेल, धुराडं सुटेल, डबा सुटणार नाही, आहे तसा विका, म्हणाले. मग डिंकाची नळी सुनेपुढे सरकवली.

"धर. मी सांगतो तसं कर."

"मला नाही जमणार, बाबा."

"मलाही नाही जमत. वाचलंस ना?"

दुसऱ्या दिवशी दोघं मागच्या खोलीत बसली आणि थोड्याच वेळात आवाज यायला लागले.

"अगं तो हात नको, उजवा वापर!"

"मी डावखुरी आहे, बाबा."

"कधीपासून?"

"जन्मापासून. रोज तुमच्यासमोर बसून जेवते की मी."

"जेवताना मी माझ्या ताटात बघतो. नळी उभी धर. उभी म्हटलं! बघ, हलला खांब."

"तुम्ही ओरडता म्हणून हलतो. गप्प बसा ना जरा!"

ते गप्प बसले. खांब सरळ बसला की नाही ते मला दारातून दिसलं नाही, आणि बघायला मी आत गेले नाही.