बिननावाची

"ऊठ की गं, पाला तोड. शेरडं वरडाय लागल्यात." सारजाबाईने सुनेला दुसऱ्यांदा हाक मारली.

म्हाळसा कोपऱ्यातून हलली नाही. पाय सरळ, हात मांडीवर उताणे, नजर भिंतीवर. पंचावन्न सालचं ते सूर्यग्रहण कोऱ्हाळ्यातल्या पोटुशा बायकांनी जसं पाळलं तसंच ती पाळत होती. चिरायचं नाही, मोडायचं नाही, बोटसुद्धा दुमडायचं नाही, नाहीतर पोटातल्या लेकराचा ओठ फाटतो. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. अडचण एवढीच होती, की म्हाळसाच्या पोटात काही नव्हतं.

"अगं येडे, पोर जन्मून पडलीय तिकडं इंदापुरात. ओठ फाटायचा त्यो फाटला. आता काय पाळतीस?"

"आनी फाटू नये म्हून."

सारजाबाईने कपाळावर हात मारला आणि विळा घेऊन स्वतःच पाला तोडायला गेली. अशा सुनेपुढे बोलून काय उपयोग!

म्हाळसाच्या नवऱ्याची, बिरदेवाची, चुलतबहीण रतन इंदापुरात बाळंतपणात गेली होती. मागे राहिली ती ही पोर. ओठ नाकापर्यंत चिरलेला, टाळूही दुभंगलेली, प्यालेलं दूध नाकावाटे परत यायचं. बापाने दुसरं लग्न जुळवलं आणि पोरीकडे पाठ फिरवली. आजी प्रयागबाई सांभाळत होती, पण तिचं वय झालेलं. बिरदेव म्हणाला, "आपुन आनू. आपलीच म्हून." म्हाळसा झटक्यात "व्हय" म्हणून बसली आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

गावाला वाटलं, ही पोरीच्या तोंडाला भ्याली. वाटू दे बापडं. तोंडाचं तिला काही नव्हतं. तिला भीती होती ती स्वतःच्या हातांची. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. चांगली धडधाकट, भरल्या गालांची, तरी गेली. मग हिचं काय होणार? बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, "पोरीनं जरा अंग धरलं की पुण्याला ओठ शिवून देतात. टाळू मागाहून. तोवर जगवा." तोवर जगवा म्हणे! जगवणं म्हणजे काय दाव्याला शेळी बांधणं आहे? बसती धरून थेंब थेंब पाजायचं, उताणी निजवली तर दूध छातीत उतरतं, असंही त्यांनी बजावलं होतं. म्हाळसाने बाजारातून तोटीचं बोंडलं आणलं आणि घरी उताणी पडून स्वतःच्याच घशात पाणी ओतून पाहिलं. असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

"मरतीस का काय?" बिरदेव तिची पाठ चोळत म्हणाला.

"मी न्हाय," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने इंदापूरला गेली. गाडी वाटेत बंद पडली तर बरं, असं म्हाळसाला वाटून गेलं. गाडी कशाला बंद पडते!

प्रयागबाईने पाणी दिलं, चहा दिला आणि पोर म्हाळसाच्या मांडीवर ठेवली. हातात बोंडलं दिलं. "पाज."

म्हाळसाने पोर बसती धरली. पहिला थेंब गेला, दुसरा गेला. मग दूध नाकातून आलं, पोर ठसकली, तोंड काळंनिळं पडलं. म्हाळसाने बोंडलं टाकून तिला पुढे वाकवलं, पाठीवर थापटलं, पुन्हा थापटलं. प्रयागबाई जागची हलली नाही. पोरीने श्वास घेतला आणि नाकातल्या आवाजात रडायला लागली. तेव्हा कुठे म्हाळसाच्या जिवात जीव आला.

"किळस आली?" प्रयागबाईने विचारलं.

"न्हाय, मावशी. भ्या वाटतंय. माज्या हातनं मरंल ही." इतके दिवस कुणाला न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"मला बी वाटतं. रोज वाटतं." म्हातारी बोंडलं उचलून पदराने पुसायला लागली. "तुज्याआदी माजी भाची आली हुती. धीराची बाई. म्हनली, त्यात काय भ्यायाचं, आन निजवून वतलं घटाघटा. म्या हातातनं हिसकून घेतली. तू भितीस न्हवं? मग ने."

बिरदेवाने डोळे टिपले. म्हाळसाने पोरीला पदरात घेतलं.

"नाव काय हिचं?"

"न्हाय ठेवलं."

"बारसं?"

"कसलं बारसं. नावं समद्यांनी ठेवली, नाव कुनी न्हाय ठेवलं." प्रयागबाईने पुसलेलं बोंडलं पोरीच्या गठुड्यात ठेवलं. "म्या बी न्हाय. नावानं हाक मारली आन गेली, तर मग काय करू?"

म्हाळसाला ते चांगलंच कळलं. तिच्या दोघांना नावं होती आणि ती आजवर तिला घेता येत नव्हती.

निघायची वेळ झाली. बिरदेव गठुडं घेऊन पुढे झाला. म्हाळसा उंबऱ्याबाहेर आली आणि थांबली. भीती तशीच होती, तिळभर कमी झाली नव्हती.

"मावशी, भिमा म्हनू का हिला?"

प्रयागबाई वळून आत गेली, चुलीपाशी बसली. म्हाळसा वाट बघून चालायला लागली, तेव्हा आतून हाक आली.

"भिमे, नीट जा गं बाय."

ती बाहेर मात्र आली नाही.